बारा अंडी आणि एक हीटर

"कोंबडीला जमतं ते सगळ्यांना जमेलच असं नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी उकडलेल्या अंड्यावर मीठ टाकलं.

हे वाक्य माझ्यासाठी होतं. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जी वाक्यं कोणाचंही नाव न घेता बोलली जातात, ती सगळी माझ्यासाठी असतात. मी आपलं सहज म्हणालो होतो की अंडी घरच्या घरी उबवता येतात, एक खोका आणि दोन बल्ब असले की झालं. थंडीचे दिवस होते, ऊब हा विषय सगळ्यांच्याच मनात होता. पण बाबांनी लगेच उजळणी सुरू केली. ती त्यांना पाठ आहे आणि मलाही. तीन तारांची गिटार, वकिलीचं पहिलं वर्ष, बाथरूममध्ये एका स्क्रूवर लटकलेलं फडताळ, आणि व्यायामाची सायकल, जिच्यावर आता टॉवेल वाळतात. "हाती घेतलं आणि तडीस नेलं, असं एक दाखव," ते म्हणाले.

"फडताळाचं राहू द्या, बाबा. त्याची आता सवय झालीये," बायको म्हणाली. ही तिची माझी बाजू घेण्याची पद्धत.

बाबा यंत्रांच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्यांच्या लेखी जगात अजून दोनच ढीग आहेत, 'पास' आणि 'रिजेक्ट'. मी कुठल्या ढिगात आहे हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. लहानपणी एकदा त्यांचा डबा द्यायला मी कारखान्यात गेलो होतो. तिथे एका शिकाऊ कामगाराने घासून आणलेला लोखंडाचा तुकडा बाबांनी उजेडात धरला, अंगठ्याने चाचपला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास." म्हणजे हा शब्द त्यांना येतो, एवढं मला नक्की माहीत आहे. घरी त्यांनी तो कधी वापरला नाही. पन्नाशी उलटलेला माणूस त्या एका शब्दासाठी थर्माकोलचा खोका शोधत हिंडला, याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

खोका औषधांच्या दुकानात मिळाला. घोडं अडलं ते बल्बपाशी. आजकालचे बल्ब उजेड देतात, ऊब देत नाहीत.

"मला गरम होणारा हवाय," मी विजेच्या सामानाच्या दुकानदाराला म्हणालो.

"गरम होत नाही हीच तर याची खुबी आहे, काका."

"ती खुबी नकोय मला."

त्याने बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग माझी समजूत घालायला तो दहा मिनिटं नवा बल्ब किती वर्षं टिकतो ते सांगत बसला. मला एकवीस दिवस टिकणारा पुरला असता, पण त्याचं कारण चारचौघांत कोण सांगणार? शेवटी त्याने माळ्यावरून धुळीने माखलेले दोन जुने बल्ब काढले आणि "बिघडले तर परत आणू नका" असं बजावून माझ्या हातावर ठेवले.

दुकानातल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण त्यांच्या आईने कोंबडा पाहिलेलाच नसतो. म्हणून मी वेशीबाहेरच्या पोल्ट्रीवाल्याकडे गेलो आणि चाचरत विचारलं, "कोंबडा असतो ना तुमच्याकडे?" तो म्हणाला, "त्याच्याशिवाय आहे कोण दुसरं कामाचं?" मी बारा अंडी घेतली, मांडीवर धरून घरी आणली आणि खोक्यात मांडली. आत एक थर्मामीटर, हवा ओलसर राहावी म्हणून पाण्याची वाटी, आणि झाकणाला बघायला काचेची खिडकी. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची असतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, झोपताना पुन्हा फुली, आणि दुसऱ्या दिवशी गोलापासून सुरुवात. हे सगळं मी बाबांच्या खोलीत मांडलं, कारण घरात वारा न येणारी तेवढी एकच खोली आहे. बाबा पलंगावरून बघत होते.

"पातळी बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"कसली पातळी?"

त्यांनी एका बाजूला कललेल्या खोक्याकडे बोट केलं. नंतर मी गुपचूप खोक्याखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा सारला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त शिक्षक राहतात. ते आले, खोक्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "अंड्यांची बोथट टोकं उत्तरेला हवीत."

"का, सर?"

"पृथ्वी," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. यापुढे स्पष्टीकरण मिळालं नाही. बायको विज्ञान शिकवते, ती म्हणाली की असं काही नसतं. पण ती खोलीबाहेर गेल्यावर सरांनी बाराही अंडी उत्तरेकडे वळवली आणि त्या दिवसापासून कोंबडीच्या काळजीने ते रोज येऊ लागले.

सोसायटीचे सेक्रेटरीही आले. त्यांच्या काखेत नियमांची पुस्तिका होती. "इमारतीत पशुपक्षी पाळायला मनाई आहे," ते म्हणाले. मी म्हणालो की ही नुसती अंडी आहेत. त्यांनी पुस्तिका चाळली. "अंडं हा खाद्यपदार्थ. तोवर माझं काही म्हणणं नाही. कवच फुटलं की मला कळवा."

"म्हणजे यश आलं की कळवायचं?"

"हो. मग नोटीस देता येईल."

आतापर्यंत निदान घरात उजेड तरी होता. खोका पहिल्यांदा लावला त्या संध्याकाळी बाबांनी आपला हीटर लावला, मी खोक्याचं बटण दाबलं, आणि अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. आमच्या घरातल्या वायरी इमारतीच्याच वयाच्या आहेत. हीटर आणि फ्रिज चालू असताना त्यांचा जीव आधीच कंठाशी आलेला असतो, त्यात माझे दोन बल्ब म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. इलेक्ट्रिशियन आला, त्याने वायरी पाहिल्या, आपल्या आधीच्या सगळ्या इलेक्ट्रिशियनांच्या बापजाद्यांचा उद्धार केला आणि "एका वेळी एकच लावा" असं सांगून गेला. म्हणजे खोका लावायचा की हीटर, असा प्रश्न आला. म्हणजे अंडी की बाबा.

लोकहो, मी नालायक नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात काम करतो, टंचाईत वाटप कसं करायचं हे मला कळतं. मी पाळ्या लावल्या. तासभर हीटर, तासभर खोका, आणि खोका बंद असताना त्यावर घोंगडी. हे मी बाबांना समजावून सांगत असताना ते छताकडे बघत होते.

"चालेल ना, बाबा?"

"मला काय," ते म्हणाले. "मी एकदा उबवून बसलोय. एकच पिल्लू निघालं. त्याचं काय झालं ते बघतोच आहे."

नाकाला मिरच्या झोंबल्या. ठरवलं की वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन लोडच वाढवून आणायचा. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. आतला कारकून माझ्याच वयाचा होता, चष्माही माझ्यासारखाच.

"जादा वीज कशासाठी?"

"अंडी उबवायला."

"मग हा घरगुती वापर नाही. उद्योग झाला. पशुसंवर्धनाचा दाखला आणा."

पशुसंवर्धन कार्यालयात जिना चढून गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "पक्षी किती?"

"अजून एकही नाही."

"मग दाखला कशाचा देऊ? पक्षी झाले की या."

"बाई, वीज मिळाली नाही तर पक्षी होणार नाहीत."

"मग दाखल्याची गरजच पडणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच माझी अडचण सुटल्यासारखं वाटत होतं.

मी पुन्हा वीज कंपनीच्या खिडकीशी गेलो आणि जरा आवाज चढवला. कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाला, "तुमची तक्रार नोंदवली आहे." हे वाक्य मी स्वतः रोज पन्नासेक माणसांना ऐकवतो. पलीकडच्या बाजूने ते इतकं वाईट ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती.

तरी पहिल्या आठवड्यानंतर अंडी टॉर्चवर धरली तेव्हा नऊ अंड्यांत लाल शिरांची जाळी दिसली, आणि एकात काळा ठिपका चक्क हलला. मी बाबांना दाखवलं. त्यांनी अंडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, अंगठ्याने चाचपलं. "हं," ते म्हणाले आणि अंडं परत दिलं. 'हं' हा शाब्बासच्या जवळपासचा शब्द आहे की नाही, यावर मी त्या दिवशी ऑफिसात बराच विचार केला.

मग मला सर्दी झाली आणि एक दिवस घरी राहिलो. त्या दिवशी मला जे कळलं ते न कळतं तर बरं झालं असतं. आमच्या घराची एक रीत आहे. झोपण्याआधी गॅसचा कॉक मी बंद करतो, मग बायको बघून येते, मग बाबा उठून बघून येतात. कोणाचाच कोणावर विश्वास नाही, पण तसं कोणी बोलत नाही. मी बाहेर सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलो होतो, खोलीचं दार उघडं होतं. सकाळी मी सगळी अंडी फिरवून फुली वर केली होती. शाळेला निघता निघता बायको आत शिरली, झाकण उघडून तिने बाराही अंडी उलटवली आणि गेली. थोड्या वेळाने बाबा पलंगावरून उतरले, झाकण उघडून त्यांनी ती पुन्हा उलटवली. मग सर आले, उत्तर चुकली म्हणून त्यांनी ती वळवली आणि वळवता वळवता उलटवलीसुद्धा. दुपारी मी स्वतः जाऊन पाहिलं, तर गोल आधीच वर आले होते, माझ्या सकाळच्या कष्टांवर पाणी पडलं होतं, आणि झाकण इतक्यांदा उघडल्यामुळे थर्मामीटर पार खाली गेला होता.

संध्याकाळी मी सगळ्यांना धारेवर धरलं.

"तुम्ही विसराल असं वाटलं," बायको म्हणाली.

"तो विसरला असेल असं मला वाटलं," बाबा म्हणाले.

"मला असं काही वाटलं नाही, मी फक्त उत्तर बघितली," सर म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. रागापेक्षा वाईटच जास्त. पंधरा दिवस मी जे एकट्याने करतोय असं समजत होतो ते घरातला प्रत्येक जण माझ्यामागून पुन्हा करत होता. पुन्हा टॉर्च लावला तेव्हा बऱ्याच अंड्यांतल्या शिरा विरलेल्या होत्या. तीन किंवा चार जिवंत वाटत होती, आणि खात्री एकाचीच होती.

त्यातच बाबांना खोकला सुरू झाला. डॉक्टर घरी आले, छाती तपासली आणि म्हणाले, "यांना थंडीत ठेवू नका. हीटर नाही का?"

"आहे," बाबा म्हणाले. "मला तासाआड मिळतो. मधला तास अंड्यांचा असतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. मी तिथल्या तिथे खोक्याची वायर काढली आणि हीटर लावला. डॉक्टर गेल्यावर औषध आणायला खाली उतरलो, आणि परत आलो तर हीटर बंद होता, खोका चालू होता आणि बाबा कानटोपी घालून भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी हीटर लावला की थोड्या वेळाने तो बंद झालेला असायचा. दोनदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांनी काय हाती घेतलंय? तू घेतलंयस ना? मग अर्धवट नको."

त्यांना माझ्याबद्दल माया आली असावी, अशी समजूत करून घेण्याची मला फार इच्छा झाली. मी ती करून घेतलीही. पिल्लं निघायच्या बेताला आली होती, आता अंडी फिरवायची नव्हती, झाकण उघडायचं नव्हतं. फक्त ऊब टिकवायची होती.

आणि एकविसाव्या दिवशी सकाळी, मी ऑफिसात असताना, आमच्या भागातली वीज गेली. सरांचा फोन आला. पुढच्या तक्रारदाराला "तुमची तक्रार नोंदवली आहे" असं सांगून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"घरी जायचं आहे, साहेब. वीज गेलीये."

"वीज सगळ्यांचीच जाते."

"घरी अंडी आहेत."

"फ्रिजमध्ये ठेवा," साहेब म्हणाले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी साहेबांचं पुढचं वाक्य न ऐकता निघालो. रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं, त्याने कारण विचारलं, मी म्हणालो घरी बाळंतपण आहे. त्याने खरोखर जीव तोडून रिक्षा हाणली आणि उतरताना "सगळं ठीक होईल" असं म्हणाला. तो एकटाच असा भेटला ज्याने मला धीर दिला, आणि त्याला मी थाप मारली होती.

धापा टाकत जिना चढलो. खोली गार पडली होती. खोक्याचं झाकण उघडं होतं आणि आत एकही अंडं नव्हतं. मला वाटलं, संपलं.

"हलू नकोस," पलंगावरून बाबा म्हणाले. "गादी हलते."

ते भिंतीला टेकून ताठ बसले होते. अंगात दोन स्वेटर, वर रजई, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, आणि दोन स्वेटरांच्या मध्ये, पोट आणि पिशवीच्या बेचक्यात, माझी बारा अंडी. खोकला येऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला होता. खोकला दाबून दाबून डोळे लाल झाले होते, पण धड इंचभर हललं नव्हतं. किती वेळ असे बसले होते कोण जाणे. मी पलंगाशी खाली टेकलो. रजईच्या आतून बारीक आवाज आला. बाबांनी स्वेटरची कड उचलली. एका अंड्याला चांदणीसारखा तडा गेला होता आणि त्यातून चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं.

आम्ही दोघं बघत राहिलो. ते चोच मारायचं, थांबायचं, इतका वेळ थांबायचं की माझा धीर सुटायचा. तड्यापाशी कवचाचा एक तुकडा सुटत आला होता. मी नखाने तो काढायला हात पुढे केला. बाबांनी माझ्या हातावर चापट मारली.

"मदत करू नकोस. मदत केली की अधू होतं." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या वेळी मी चुकलो."

मी हात मागे घेतला. आमच्यात याहून लांब संभाषण बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा अंड्याचं टोपण सरकलं आणि ओलं, काळपट, कोणालाही आवडू नये असं ते पिल्लू बाबांच्या पोटावर येऊन पडलं. पडलं, धडपडलं, मान उचलायला गेलं, पुन्हा आपटलं, आणि तिसऱ्यांदा उभं राहिलं. बाबांनी त्याला उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरलं. अंगठ्याने पाठ चाचपली. त्यांचा रुमाल खाली पडला होता, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी एकदाच पाहिलं होतं, हातात डबा घेऊन, कारखान्याच्या दारातून.

"शाब्बास," बाबा म्हणाले.

मी वर पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण मी "बाबा" म्हणायला तोंडही उघडलं होतं. ते पिल्लाकडे बघत होते.

"स्वतःच्या हिमतीवर आलं," ते त्याला म्हणाले. "कुणाचं बोट धरलं नाही. शाब्बास."

संध्याकाळी वीज आली. मी पिल्लाला खोक्यात ठेवलं, ते वाळून पिवळं झालं, आणि इमारतीतली माणसं बघायला आली. सर म्हणाले, शेवटी उत्तरच कामी आली. बायको म्हणाली, पाण्याची वाटी मी भरत होते म्हणून. पोल्ट्रीवाला फोनवर म्हणाला, बघा, कोंबडा आपला खात्रीचा. बाबांना प्रत्येक पाहुण्यापुढे नेमका खोकला यायचा, आणि खोकला कशाने झाला हे सांगावं लागायचं. मला कोणी काही विचारलं नाही. सेक्रेटरींनी मात्र आठवणीने नोटीस माझ्याच नावाने काढली.

बाकीच्या अकरा अंड्यांची आम्ही अजून काही दिवस वाट पाहिली. मग बायकोने ती पिशवीत बांधून नेली. पिल्लाला पोल्ट्रीवाला येऊन घेऊन गेला. तो आला तेव्हा बाबा खिडकीपाशी उभे होते आणि खाली रस्त्यावर त्याची सायकल वळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "खिडकी लाव. वारा येतोय."

त्या दिवशी जेवताना मी काही बोललो नव्हतो. विषय माझा नव्हताच. बायकोने आपलं सहज म्हटलं की बाथरूममधलं फडताळ आता पडायच्या बेताला आलंय. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"गिटार," ते म्हणाले. "वकिली. फडताळ. सायकल." मग पाणी प्यायले. "आणि बारातली अकरा अंडी."

बारावं कोणाचं, हे टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. बाबांना खोकल्याची उबळ आली. मी उठलो, त्यांच्या खोलीत गेलो आणि हीटर लावला. खोका बंद असल्यामुळे आता वीज पुरत होती.